बाईसाहेबांची हजामत

‘त्यात काय एवढं, मी करतो,’ हे वाक्य माझ्या तोंडून गेलं तेव्हा माझ्या एका हातात चहाचा कप होता आणि दुसऱ्या हातात बिस्कीट. दोन्ही हात गुंतलेले होते म्हणूनच घात झाला. एखादा जरी रिकामा असता, तरी त्याने वेळेवर तोंड दाबलं असतं.

बोलणं घोडीचं चाललं होतं. घोडी आमची नाही, सासऱ्यांची आहे. पण सासरे आमच्याकडे राहतात, तेव्हा तीही आमच्याकडेच राहते. सासऱ्यांनी सगळी उमर घोडेस्वारीच्या शाळेत शिकवण्यात घालवली. लोक निवृत्त होताना घड्याळ घेऊन घरी येतात, हे घोडी घेऊन आले. तिची सोय परसातल्या शेडमध्ये झाली आणि माझी स्कूटर तेव्हापासून रस्त्यावर उभी असते. घरात सगळे तिला नुसतं ‘घोडी’ म्हणतात. मी मनातल्या मनात ‘बाईसाहेब’ म्हणतो. कारण मी शेडमध्ये पाय टाकला की ती ज्या नजरेने माझ्याकडे बघते, ती आमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाईंची नजर आहे. फाईल आणली असेल तर ठेवा, नसेल तर आलात कशाला, अशी.

तर या बाईसाहेबांना थंडी आली की अंगभर केस येतात. थोडेथोडके नाहीत, अस्वलाने उसने मागावेत इतके. मग ती जरा फिरली की घामाने भिजते, तो घाम केसांत वाळत नाही, आणि तिला खोकला होतो. म्हणून दर थंडीत मशीनने तिच्या अंगावरचे केस काढतात. पायांवरचे ठेवायचे, आणि पाठीवर खोगीर बसतं तेवढ्या जागेचे ठेवायचे. ती जागा तर जिवापाड जपायची, कारण तिथे तिला एक जुनी जखम आहे आणि कातडी नाजूक आहे. हे काम करणारा एक माणूस दरवर्षी येतो. यंदा तो नेमका बाहेरगावच्या कुठल्याशा मोठ्या तबेल्यात अडकला होता आणि रविवारच्या आत येणं शक्य नाही असं त्याने कळवलं होतं.

आणि रविवारीच सगळं होतं. सासऱ्यांच्या जुन्या शाळेत नवीन मैदान सुरू व्हायचं होतं आणि पहिली फेरी सासऱ्यांनी या घोडीवरून मारायची, असं ठरलं होतं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यासाठी ते माझ्या मेहुणीकडे होते, आणि डॉक्टरांशी वाद घालघालून त्यांनी एका फेरीची परवानगी मिळवली होती. चालत, सावकाश, एकच फेरी. पुढे कधी घोड्यावर बसायला मिळेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते आणि सासरेही विचारत नव्हते.

केस कापणारा येत नाही हे बायकोने त्यांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, ‘‘मग राहू दे. खोकत्या घोडीवर मी बसणार नाही. मी बाजूला खुर्ची टाकून बसतो.’’

फोन ठेवून ही माझ्यासमोर येऊन बसली आणि काही बोलेचना. हिचं न बोलणं मी ओळखतो. (बोलण्यापेक्षा ते जास्त ऐकू येतं.) तेव्हा मी ते वाक्य बोललो.

आता खरं सांगायचं तर मी हे फक्त हिच्या चेहऱ्याकडे बघून बोललो नाही. माझा एक जुना स्वार्थ होता. सासरे कमी बोलतात, पण घोड्याने नीट काम केलं की त्याच्या मानेवर दोनदा थोपटतात आणि म्हणतात, ‘शाबास.’ हे ‘शाबास’ मी लग्न झाल्यापासून ऐकत आलो आहे. घोड्यांना मिळालं, ते ठीकच. शेजारच्या कुत्र्याला मिळालं. गारठलेल्या सकाळी एका झटक्यात सुरू झाल्याबद्दल माझ्या स्कूटरलाही मिळालं, आणि तिला किक मी मारली होती. मला स्वतःला ते कधी मिळालं नाही. मी बढतीची बातमी घेऊन घरी आलो त्या दिवशी ते म्हणाले होते, ‘बरं झालं.’ मला ते ‘शाबास’ हवं होतं. वयाने अर्धं डोकं पांढरं झालेल्या माणसाने अशी इच्छा धरावी का, हा प्रश्न योग्य आहे, पण तो तुम्ही विचारू नका.

हिने लगेच फोन लावून वडिलांना सांगितलं की हे करतो म्हणतायत. पलीकडून ‘‘कोण, जावईबापू?’’ एवढं ऐकू आलं. मग इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही की हिने फोन कट झाला का ते बघितलं. मग ‘‘बरं’’ असं ऐकू आलं. ऑपरेशनच्या कागदावर सही करतानाही ते याच आवाजात ‘बरं’ म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात रजा मागायला गेलो. हेडक्लार्कने कारण विचारलं, मी घरगुती म्हणालो. घरात कोणी आजारी आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खोकला आहे, केस कापायचेत. ते चष्मा काढून माझ्याकडे बघू लागले. खोकल्यावर केस कापण्याचा उपाय त्यांच्या ऐकण्यात नव्हता. कोणाचे, म्हणाले. मी म्हटलं, सासऱ्यांच्या घोडीचे. त्यांनी रजा दिली, पण उरलेला दिवस माझ्याशी ते अगदी हळू आणि गोड बोलत होते, आणि मोठी कात्री त्यांनी माझ्या टेबलावरून उचलून स्वतःच्या खणात ठेवली.

केस कापायच्या आधी घोडी धुऊन कोरडी करावी लागते, नाहीतर मशीनचे दात धुळीने बोथट होतात. हे मला हिने सांगितलं. हिला यातलं सगळं ठाऊक आहे, कारण ही घोड्यांतच वाढली. मात्र घोड्याचा केस नाकाजवळ आला की हिला शिंका सुरू होतात. त्यामुळे आमची वाटणी अशी ठरली की हिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून सूचना करायच्या आणि मी बाहेर त्या पाळायच्या. (लग्नापासून हीच वाटणी आहे, फक्त मध्ये खिडकी नव्हती.)

मी घोडी धुतली. हिचा शाम्पू संपला, मग माझा साबण संपला. फेस इतका झाला की काही वेळ मला घोडी नेमकी कुठे संपते ते कळत नव्हतं आणि मी बराच वेळ एक बादली घासली. शेवटी ती चकचकीत झाली. मी टॉवेल आणायला आत गेलो, तेवढ्यात बाईसाहेबांनी त्याच पाण्याने झालेल्या चिखलात खाली बसून, आडव्या होऊन, या कुशीवरून त्या कुशीवर अशी लोळण घेतली. मी बाहेर आलो तेव्हा ती उठून उभी राहिली होती आणि फार बरं वाटल्यासारखी दिसत होती.

‘‘बांधून ठेवायची असते,’’ खिडकीतून ऐकू आलं.

‘‘हे आधी सांगायचं असतं,’’ मी म्हणालो.

दुसऱ्यांदा धुतली. बांधून. मग हिच्या हेअर ड्रायरने वाळवायला घेतली. पुढचे पाय वाळेपर्यंत ड्रायरने जीव सोडला. उरलेली घोडी मी टॉवेलांनी पुसली आणि संध्याकाळी मला अंघोळ करायची होती, तर घरात पुसायला फक्त मेजावरचं कापड शिल्लक होतं.

शुक्रवारी सकाळी प्रत्यक्ष काम. सासऱ्यांच्या लोखंडी पेटीतलं मशीन मी बाहेर काढलं. न्हाव्याकडचं मशीन आपण पाहिलेलं असतं, हे त्याच्या आजोबांच्या वयाचं असावं. चालू केल्यावर असा आवाज आला की शेजारच्या टेलरकाकू, कुठे दळण चाललंय का ते बघायला कुंपणाशी आल्या.

टेलरकाकू म्हणजे आमच्या गल्लीत कोणाचंही काही चाललेलं असलं की तिथे ज्यांचं मत हजर असतं त्या. मी खोगीर घोडीच्या पाठीवर ठेवून डावीकडून खडूने त्याची कड आखली होती, ती त्यांनी बघितली आणि म्हणाल्या की बरी आहे. मग मी खडू घेऊन उजवीकडे निघालो, तर त्यांनी मला थांबवलं.

‘‘दुसरी बाजू परत हाताने आखणार?’’ त्या म्हणाल्या. ‘‘भाऊ, मी शर्टाच्या दोन बाह्या कधी वेगवेगळ्या आखल्या का? एक कागद कापायचा आणि तोच दोन्हीकडे लावायचा. नाहीतर एक हात वर, एक खाली.’’

मी म्हणालो की खोगीर दोन्ही बाजूंना लटकलेलंच आहे, त्याच्याच कडेने आखतो. त्यावर त्यांनी विचारलं की ते पाठीवर अगदी मधोमध बसलंय हे मी कशावरून म्हणतो, मोजलंय का. मी मोजलेलं नव्हतं. माझा हाच दोष आहे. कोणी ‘मोजलंय का’ असं विचारलं की मी गुन्हेगार असल्यासारखा वागू लागतो.

काकूंनी घरून खाकी कागद आणला, तो घोडीच्या डाव्या कुशीला लावून खडूच्या रेघेबरहुकूम कापला, त्यावर मोठ्या अक्षरात ‘खोगीर’ असं लिहिलं, एक बाण काढला, आणि बाणाच्या टोकाशी ‘पुढे’ असं लिहिलं. ‘‘पलीकडे लावताना पालथा करून लाव,’’ असं त्या जाता जाता म्हणाल्या. त्यांच्याकडे कोट घालून बघायला गिऱ्हाईक आलं होतं. हे वाक्य त्या बोलल्या, मी ऐकलं, आणि ‘हो’ सुद्धा म्हणालो. याबद्दल माझा कोणावर आरोप नाही.

डाव्या बाजूने सुरुवात केली. ‘‘केसांच्या उलट दिशेने,’’ खिडकी म्हणाली. ‘‘दाबू नका. कातडी ताणून धरा. मशीन तापलंय का गालाला लावून बघा.’’ मी गालाला लावलं. तापलं होतं. ‘‘तापलंय,’’ मी म्हणालो. ‘‘मग थांबा आता, तेल घाला,’’ खिडकी म्हणाली. दर थोड्या वेळाने मी स्वतःचा गाल भाजून घेत होतो आणि घोडी गवत खात होती. एक मात्र मान्य केलं पाहिजे, ती जराही हलली नाही. कान मागेपुढे करून मशीनचा आवाज ऐकत राहिली आणि अधूनमधून मागे वळून माझं काम तपासत राहिली.

केस मात्र विचारू नका. ते बाहीत गेले, कॉलरमध्ये गेले, कानात गेले. दुपारी मी चहा प्यायलो तो चावून. अंगाला इतकी खाज सुटली की मी खांबाला पाठ घासत उभा होतो, आणि शेजारीच घोडीही दुसऱ्या खांबाला घासत होती. आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

पण डावी बाजू झाली आणि काय सांगू, सुरेख झाली. अंग मखमलीसारखं, पायांवर केसांचे मोजे, आणि पाठीवर खोगिराचा आकार असा नेमका की कोणी छापलाय म्हणावं. खिडकीतून ही म्हणाली, ‘‘अहो, खरंच छान जमलंय.’’ असं ही सहसा म्हणत नाही. मला तिथेच शाबासकीची चव जिभेवर येऊ लागली. (केसांचीही येत होती.)

मग मी उजव्या बाजूला गेलो. ही बाजू खिडकीतून दिसत नाही.

कागद घेतला आणि काकूंनी सांगितल्याप्रमाणे पालथा करून घोडीच्या कुशीला लावला. तर काय, कोरा. अक्षरं सगळी आत. आता तुम्ही कारकून असाल तर तुम्हाला कळेल. लिहिलेली बाजू आत आणि कोरी बाजू बाहेर, असा कागद आमच्या खात्यात आढळला तर त्यावर चौकशी बसते. शिपाईसुद्धा नोटीस बोर्डावर असा कागद लावत नाही. मला वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय. मी तो सुलटा केला. आता ‘खोगीर’ वाचता येऊ लागलं. बाण मात्र शेपटीकडे चालला होता आणि ‘पुढे’ हा शब्द शेपटीच्या मुळाशी आला होता, हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं. मी विचारही केला. पलीकडे डाव्या कुशीला लावला होता तेव्हा बाण माझ्या डाव्या हाताकडे होता. इथेही माझ्या डाव्या हाताकडेच होता. दोन्ही बाजू सारख्या हव्यात म्हणून सगळे सकाळपासून कानीकपाळी ओरडत होते. याहून सारखं आणखी काय असतं?

मी कागदाच्या कडेने खडू फिरवला आणि मशीन चालू केलं. उजवी बाजू तर डावीपेक्षाही लवकर झाली. हात बसला होता.

काम संपल्यावर मी हिला हाक मारली. ही नाकाला रुमाल बांधून बाहेर आली, डावीकडून बघून हसली, मग घोडीच्या तोंडापुढून वळसा घालून उजवीकडे गेली. तिथे ती उभी राहिली. दोन शिंका दिल्या. मग रुमाल खाली करून तिने मला विचारलं, ‘‘अहो, हिचं खोगीर चाललंय कुठे?’’

मी जाऊन बघितलं, आणि या वेळी खरोखर बघितलं. डावीकडून पाहिलं तर खोगीर डोक्याकडे चाललं होतं. उजवीकडून पाहिलं तर ते शेपटीकडे परत येत होतं. पुढे, जिथे केस हवे होते, तिथे टक्कल. आणि मागे, जिथे टक्कल हवं होतं, तिथे केसांचा हा मोठा कान लटकलेला. या आखणीप्रमाणे घोडीवर बसायचं तर स्वाराचा डावा पाय पुढे बघणारा आणि उजवा मागे बघणारा हवा होता. सासऱ्यांच्या नव्या गुडघ्यालाही ते जमलं नसतं.

मी म्हणालो, मागचं जास्तीचं काढून टाकतो, काय मोठंसं. आणि दुसऱ्यांदा मशीन हातात घेतलं. ही ‘‘मशीन थंड होऊ द्या’’ म्हणाली, ते मी ऐकलं नाही, कारण डोकं फिरलेलं होतं. ज्यांनी आरशात बघून स्वतःचे कल्ले सारखे केलेत त्यांना पुढचं सांगायला नको. थोडं इथून काढलं तर तिथे उंच वाटलं, तिथून काढलं तर मध्ये खड्डा पडला, खड्डा भरायला केस परत लावता येत नाहीत. त्या लटकत्या कानाच्या जागी पायऱ्या तयार झाल्या. शेवटच्या पायरीवर मशीनने एक घुरघुर केली, जळका वास आला, आणि ते बंद पडलं ते पडलंच.

म्हणजे अर्धवट कापलेला जिना घोडीच्या कुशीवर तसाच राहिला. टेलरकाकू कुंपणाशी आल्या, त्यांनी उजवी बाजू बघितली, माझ्या हातातला कागद बघितला, आणि एवढंच म्हणाल्या की बाहीचं असं झालं असतं तर त्यांनी खिसा लावून झाकलं असतं. तेवढ्यावर त्या घरी गेल्या. मला त्या माणसांचा फार संताप येतो जी आपल्याला कामाला लावतात आणि मग गिऱ्हाईक आल्याचं निमित्त करून निघून जातात. पण सगळ्यात जास्त संताप मला त्या बाणाचा आला.

रात्री ही म्हणाली, ‘‘बाबांना सकाळीच खरं सांगून टाका.’’ मी ‘हो’ म्हणालो. माझ्या ‘हो’ची किंमत तुम्हाला आता कळलीच आहे.

शनिवारी सासरे आले. काठी टेकत सरळ परसात आले, बॅगसुद्धा खाली ठेवायच्या आधी. मी घोडी तोंडावरच्या मोरखीला धरून अशी उभी केली होती की डावी बाजू दाराकडे यावी. ते थांबले आणि बघत राहिले. मानेपासून मागच्या पायांपर्यंत नजर सावकाश फिरली, खोगिराच्या जागेवर थांबली, पुढे गेली. त्यांच्या भुवया वर गेल्या. एवढ्या वर गेलेल्या त्या भुवया मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी तोंड उघडलं. मी मान जरा पुढे केली.

‘‘दुसरी बाजू,’’ ते म्हणाले.

‘‘तीही अगदी अशीच आहे,’’ मी म्हणालो. एका अर्थी हे खरं होतं.

ते काठी टेकत घोडीच्या मागून वळले. मी मोरखी ओढून घोडीला वळवलं. ते तिथे पोचले तोवर डावी बाजू पुन्हा त्यांच्यासमोर हजर. ते पुढून आले. मी तिला उलटं फिरवलं. असं आम्ही तिघं परसात गोल फिरू लागलो, मध्ये घोडी, एका टोकाला सासरे, दुसऱ्या टोकाला मी. फक्त काठीचा ठक ठक आवाज येत होता. मला वाटत होतं, ऑपरेशन झालेला गुडघा आहे, केव्हातरी थकतील. ते थांबले सुद्धा. पण थकून नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून ते जागच्या जागी उभे राहिले आणि त्यांनी जिभेने ‘टक’ असा बारीक आवाज केला.

बाईसाहेब माझ्या हाताला हिसका देऊन वळल्या आणि उजवी बाजू मालकासमोर धरून खांबासारख्या उभ्या राहिल्या.

सासऱ्यांनी ती बाजू किती वेळ बघितली कोण जाणे. मला माझ्या कानातले केस टोचत असलेले जाणवत होते. मागे दारात ही उभी होती, ती म्हणाली, ‘‘बाबा, त्यांनी फार मेहनत घेतली हो.’’ ही म्हणजे अपील फेटाळल्यानंतरची दयेची याचना होती.

त्यांनी जवळ जाऊन टकलावर हात ठेवला, जखमेची जागा चाचपली. ती केसांखाली शाबूत होती. मग तिच्या छातीला कान लावून ऐकलं. मग मला विचारलं, ‘‘कापताना उभी राहिली शांत?’’

‘‘अगदी शांत,’’ मी म्हणालो. ‘‘सगळा वेळ.’’

‘‘असल्या कामाला?’’

‘‘हो.’’

त्यांनी तिच्या मानेवर दोनदा थोपटलं आणि अगदी मनापासून म्हणाले, ‘‘शाबास.’’

मी मोरखी धरून उभा होतो. मला वाईट वाटलं, आणि ते लपवावं असंही वाटलं नाही. दिवसभर गाल भाजून घेतलेला माणूस मी, आणि शाबासकी गवत खाणारीला.

मग ते माझ्याकडे वळले. खोकला नाही, म्हणाले, घाम सुकेल, खाली गादी दुहेरी घातली की खोगीर घासणार नाही, उद्या बसता येईल. मागचा तो जिना मात्र खोगिराबाहेर राहील आणि झाकायला काहीतरी लागेल. मी झूल घालायची का विचारलं. झूल घालून परेड कोण करतं, म्हणाले. मग त्यांनी मला, माप घेणाऱ्या टेलरकाकूंच्या नजरेने, खालपासून वरपर्यंत बघितलं. ‘‘तुमची उंची बरोबर आहे,’’ ते म्हणाले.

रविवारी मैदानावर मी घोडीच्या उजव्या बाजूला, तिच्या मागच्या कुशीला खेटून होतो. हुकूम असा होता की ती चालली की चालायचं, थांबली की थांबायचं, आणि मध्ये हात, रुमाल, डोकं काही हलवायचं नाही. लोकांना वाटलं म्हातारपणी तोल जाऊ नये म्हणून जावई बरोबर दिलाय. काही बायका तर हिला येऊन म्हणाल्या की असा जावई मिळायला भाग्य लागतं. ही त्यांना ‘हो ना’ म्हणाली आणि शिंकली.

सासरे मात्र, खरं सांगतो, बघत राहावे असे बसले होते. काठी धरून चालणारा माणूस तो नव्हताच. पाठ ताठ, हात स्थिर, आणि घोडी त्यांच्या खाली अशी टापा टाकत होती जणू तिच्या अंगावर कधी काही वेडंवाकडं घडलंच नाही. फेरी पुरी होताना त्यांनी एकदा मैदानभर नजर फिरवली आणि मला त्या क्षणी माझ्या सगळ्या जिन्याचं काहीही वाटेनासं झालं.

शेवटी डाव्या बाजूने फोटो काढला. तो आता आमच्या बैठकीच्या खोलीत लावलाय. खोगीर, स्वार, घोडी, सगळं झकास आलंय. मी पलीकडे असल्यामुळे घोडीच्या पोटाखालून माझे फक्त पाय दिसतात. पाहुणे जवळ जाऊन बघतात आणि घोडीला सहा पाय कसे, असं विचारतात. त्यांतल्या एका पायावर पँटची घडी वर आहे आणि दुसऱ्यावर खाली. ही म्हणते, ‘‘दोन बाजू सारख्या करणं ह्यांना कधी जमलंच नाही.’’

पण फोटो काढून झाल्यावरची गोष्ट कोणाला ठाऊक नाही. लोक पांगले. सासरे उतरले, खिशातून गाजर काढलं, मोडून अर्धं घोडीला दिलं, मानेवर थोपटलं, ‘शाबास’ म्हणाले. मग काठी टेकत घोडीच्या मागून वळून उजवीकडे आले. मी अजून तिथेच उभा होतो. हलायचं नाही हा हुकूम होता आणि तो मागे घेतल्याचं मला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हात वर करून माझ्या मानेवर दोनदा थोपटलं.

‘‘शाबास,’’ ते म्हणाले, आणि उरलेलं अर्धं गाजर त्यांनी माझ्यापुढे धरलं.

मी ते तिथेच उभ्या उभ्या खाल्लं.